चौकातला कप्तान

"माझ्या कप्तानाला पुढे घे," फोनमधून यज्ञेश म्हणाला. "सहा इंच. सरळ चौकात."

ईशानीनं मोजपट्टी लावली आणि ती थांबली. कप्तान बोटाच्या दोन पेरांएवढा उंच होता. पाठीवर बॉयलर, एक हात पितळी. आत्ता तो चिमणीच्या आड सुरक्षित उभा होता. चौकात मात्र काहीच आडोसा नव्हता आणि समोरच तिची वाफेची तोफ होती.

"दादा, एकच जीव उरलाय त्याचा. मेला तर डाव संपला."

"माहितीये ग. घे पुढे."

"रुक जरा. मोजू दे."

"'रुक' काय? 'थांब' म्हण. इथे हसतात लोक."

"आला मोठा पुणेकर! होळीपर्यंत 'चाय पिऊन घेतो' म्हणत होतास."

तो हसला. पुण्याला नोकरी लागल्यापासून दर रविवारी दुपारी ते असेच खेळत. थर्माकोलचं शहर, औषधाच्या बाटल्यांच्या चिमण्या आणि दोघांच्या पाच-पाच शिपायांच्या टोळ्या, सगळं इकडे हिंदी मुलखात, बालाजी घाटावरच्या घरीच होतं. फोन वरून पटाकडे रोखलेला असे. तो चाल सांगायचा, ती दोन्ही बाजूंचे मोहरे हलवायची.

"आज संपवूच," यज्ञेश म्हणाला. "मग माझी टोळी कुरिअर कर. इथे पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. पोरं दर शनिवारी जमतात. समोरासमोर बसून खेळतात, असं फोनवरून नाही."

"तिकडे नवी बनव ना."

"वेळ कुठाय? आणि असला कप्तान परत होणार आहे का?"

होणार नव्हता. कप्तानाचा कोट यज्ञेशनं रंगवला होता. डोळे ईशानीनं, सुईच्या टोकानं, श्वास रोखून. बॉयलर म्हणजे पेनाचं कापलेलं टोपण. त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर फुटेल, यावर ती अडून बसली होती. खेळण्यातला बॉयलर कसा फुटेल ग, असं म्हणत त्यानं दोन दिवस वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी चिमट्यानं मोहरीचा एक दाणा आणून वर चिकटवला. त्यावर तिनं पितळी रंग दिला होता.

तिनं कप्तानाला उचललं आणि चौकात ठेवलं.

"तुझी चाल," यज्ञेश म्हणाला. "डाग तोफ."

तोफेनं समोर दिसणाऱ्या सर्वांत जवळच्या शत्रूवरच गोळा टाकायचा, हा नियम तिनंच केला होता. डाव अर्धवट मोडायचा नाही, हाही तिचाच. फाशावर चार किंवा त्याहून जास्त पडले की नेम लागला.

"दुसरा कोणी पुढे आण ना," ती म्हणाली. "तो छत्रीवाला शिपाई आण. मी चाल परत देते."

"तू? चाल परत देतेस?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "अर्ध्या इंचासाठी माझी चाल रद्द करणारी बाई आहेस तू. टाक फासा."

पटावर फासा टाकला की मोहरे आडवे होत, म्हणून ती तो बाजूच्या ताटलीत टाकायची. ताटली कॅमेऱ्यात येत नसे. फासा दाखव, असं त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

तिनं टाकला. फासा ताटलीच्या काठाला आपटला, फिरला आणि थांबला.

पाच.

"किती?"

खिडकीबाहेर कोणीतरी नावाड्याला हाका मारत होतं. ईशानीनं ठिपके पुन्हा मोजले.

"दोन," ती म्हणाली.

"दोन?"

"दोन. चुकली."

फोनमध्ये पुण्यातल्या कुठल्याशा रस्त्यावरचा हॉर्न वाजला.

"समोर उभा आहे तरी चुकली?"

"वाफ कमी पडली असेल."

"असेल," तो म्हणाला.

"तुझी चाल, दादा. मागे घेऊ त्याला? चिमणीपर्यंत पोचेल."

"नको. राहू दे तिथेच. आत्ता निघतो. पोरं खाली उभी आहेत. पुढच्या रविवारी बघू."

"बारा वाजता?"

"बघू ग. सांगतो."

फोन बंद झाला. काळ्या पडद्यात छताच्या पंख्याचं प्रतिबिंब उमटलं.

दाराशी बसून आई शेंगा सोलत होती. सगळं तिनं ऐकलं होतं. ती पदराला हात पुसत उठली, पटाजवळ आली आणि ताटलीत वाकून पाहिलं. फासा तिथेच पडला होता.

"किती पडायला हवे होते?" आईनं विचारलं.

"चार."

ही अडगळ कधी हलणार, असं आई दर रविवारी विचारायची. आज तिनं गॅलरीत जाऊन पापडांवरची जाळी काढली, झटकली आणि आत आणून सगळ्या शहरावर अलगद पसरली. चिमण्यांवर ती थोडी उंच राहिली, चौकात खाली आली.

"माकडं उचलून नेतात," ती म्हणाली.

तिनं कोपऱ्यांवर पाणी भरलेले तांबे ठेवले. मग कप्तानाच्या बाजूचा कोपरा बोटांनी ओढून पाहिला आणि तिथला तांबा आणखी थोडा आत सरकवला.