डाव्या कमरेची कव्हरं

आमच्या ह्यांना काही ताळतंत्र उरलेलं नाही. जेवायच्या टेबलावर कातड्याचे तुकडे, आरी, मेण लावलेला दोरा. ताट ठेवायला जागा म्हणून नाही. पोलिसातला लेक गोळी लागून गेला, तेव्हापासून पिस्तुलाची कव्हरं शिवत बसतात, सगळी डाव्या कमरेला लावायची. विचारलं की एकच, "पोर मूळचं डावखुरं. मी उजव्या हाताचं शिवून दिलं, म्हणून पिस्तूल काढायला उशीर झाला त्याला."

आज आरी बोटात घुसली. फडकं गुंडाळता गुंडाळता मी म्हणाले, "अहो, कव्हर तुम्ही बरोबरच शिवलं होतंत. लहानपणी त्याचा डावा हात असल्याच फडक्यानं खुर्चीला बांधून त्याला उजव्यानं लिहायला लावलं, ते मी."