ओंदिनाचा अमारेत्तो

ओंदिनाने घोट तोंडात घोळवला आणि रुमालात थुंकून टाकला.

"अहो, हा अमारेत्तो की खोकल्याचं औषध?"

एल्विओने छोटा पेला मागे घेतला. ही त्याची तिसरी खेप. बदामाचा वास यायचा, पण दारू दर वेळी कडूजहर उतरायची.

पंचावन्न वर्षं त्याला 'अरे-तुरे' करणारी बायको आता वृद्धाश्रमाच्या अंगणात बसून त्याला 'तुम्ही' म्हणत होती. हा कोण, हेच तिला उमगत नव्हतं. फक्त रविवारी, तिने पूर्वी घरी केलेल्या अमारेत्तोचा थेंब जिभेवर पडला, की तिचे डोळे उजळत. "एल्विओ, आलास? केस किती वाढवलेस रे!" दोन-चार मिनिटं ती त्याची असे. मग पुन्हा 'तुम्ही'.

जुलैत शेवटची बाटली संपली. कृती तिच्या आजीची, सारोन्नो गावात त्यांच्या एकाच घरात चालत आलेली. ती तिने कधी कागदावर उतरवली नाही. एल्विओने विचारलं, की म्हणायची, "तू आपलं प्यायचं काम कर."

"मीच केलाय," तो म्हणाला. "कुठे चुकलं, सांगाल?"

तिला त्याची दया आली असावी. ती पुढे झुकली.

"जर्दाळूच्या बिया फोडून आतला गर घेतलात ना? सालासकट भिजवलात? शेवटी पुरुषाचाच हात! साल आधी काढायची. मग चाळीस दिवस स्पिरिटमध्ये. साखर करपवायची नाही, नुसती तांबूस करायची. आणि सगळ्यात शेवटी, गाळायच्या आधी..." ती थबकली. "तुम्ही इथलेच का हो?"

"इथलाच."

"मग आमच्या एल्विओला ओळखत असाल."

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पण त्या 'नाही'ला एल्विओची जीभच वळेना.

"ओळखतो," तो म्हणाला.

ओंदिनाने ओठ घट्ट मिटून घेतले.

"सांगा ना," तो अजिजीने म्हणाला. "नाही बोलणार मी कुणाला."

"छे! पुरुषांच्या पोटात काही राहतं का? त्याच्या कानावर गेलं तर संपलंच." तिने आवाज खाली आणला. "त्याला स्वतःला करता यायला लागलं, तर संध्याकाळी तो घरी कशाला येईल?"