फियाटचा बंद ट्रेलर

बंद ट्रेलर अर्धा फूट अरुंद केला, की अवधूतला बंगल्याचं फाटक तोडावं लागणार नव्हतं आणि त्याची हौसेची जुनी फियाट धूळ न लागता प्रदर्शनाला जाणार होती.

"पण साहेब, मग आत गाडीचं दार उघडायचं न्हाई," ट्रेलर बनवणारा दानीएल म्हणाला. "गाडी आत ओढायला विंच तरी बसवा. न्हाईतर चालवणारा आतच अडकंल."

"विंच कशाला? आप्पा आहेत की!"

पहिल्या प्रदर्शनाला अवधूतचे आप्पा संगमनेर ते नगर ट्रेलरच्या अंधारात, फियाटच्या स्टिअरिंगमागे बसून गेले. बाहेर पडायला त्यांनी वाटेत इतक्यांदा दार आपटलं, की कडेचा रंग उडाला.

अवधूत दुसऱ्याच दिवशी दानीएलकडे गेला आणि ट्रेलरला आतून जाड फोम लावून आला.

आता आप्पांनी कितीही दार आपटलं तरी रंग उडत नाही. आवाजही बाहेर येत नाही.