दुसरी सुई

"कुठली बाजू?" डॉ. जयमालांनी विचारलं.

माहेनूरने पुन्हा स्टेथोस्कोप लावला. इमर्जन्सी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. समोर स्ट्रेचरवर नानासाहेब होते, पन्नाशीचे, चाकणच्या एका कंपनीतले. फोर्कलिफ्ट आणि लोखंडी रॅक यांच्यामध्ये ते चेपले गेले होते. ॲम्ब्युलन्स मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकली आणि पिंपरीच्या या हॉस्पिटलात पोचायला पाऊण तास गेला. आता त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, ओठ निळे पडले होते. प्रत्येक श्वासाला ते खांदे वर ओढत होते.

"डावी," माहेनूर म्हणाली. "डावीकडे श्वास ऐकूच येत नाहीये. फुफ्फुसाबाहेर हवा कोंडलीय. हृदयावर दाब येतोय."

"मग?"

"एक्स-रे सांगितलाय, मॅडम. मशीन इथंच आणतायत. पाच मिनिटांत येईल."

"यांच्याकडे आहेत पाच मिनिटं?"

मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ब्याऐंशी होता. फरीदा सिस्टरनी कोंडलेली हवा सोडायच्या जाड सुईचं पाकीट फाडून सुई माहेनूरच्या हातात दिली. जयमाला मॅडम स्ट्रेचरच्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि त्यांनी नानासाहेबांचं मनगट धरलं. म्हणजे सुई त्या घेणार नव्हत्या.

डमीवर माहेनूरने हे चार वेळा केलं होतं. डमीची छाती हलत नाही. इथे बरगड्या बोटांखालून सटकत होत्या. गळ्याच्या हाडापासून तिने खाली मोजलं, बरगड्यांमधली दुसरी खाच सापडली, सुई आत घातली. कान देऊन उभी राहिली.

काहीच झालं नाही. हवा सुटल्याचा आवाज आला नाही.

शहात्तर.

"मॅडम, तुम्ही घ्या."

"का नाही लागली?" मॅडमचा आवाज वर्गात असायचा तसाच होता.

"माहीत नाही." तिच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. "छाती जाड आहे. सुई आतपर्यंत पोचली नसेल."

"मग पातळ कुठे असते?"

एकाहत्तर. नानासाहेबांचे खांदे आता तितके वर येत नव्हते. फरीदा सिस्टरनी दुसरी सुई उघडली आणि स्ट्रेचरवरून पुढे केली. ती कोणासाठी केली ते कळत नव्हतं. हात दोघींच्या मधोमध होता. मॅडमचा अंगठा नाडीवर होता. ओठ न उघडता त्या ठोके मोजत होत्या, आणि मोजताना त्यांची मान किंचित थरथरत होती.

माहेनूरने सुई घेतली.

तिने नानासाहेबांचा डावा हात वर उचलला आणि काखेखाली बोटांनी चाचपलं. बरगडीच्या वरच्या कडेला सुई टेकवली. "काका, हलू नका," ती म्हणाली. त्यांना ऐकू येत नव्हतं. तिने जोर लावला.

सायकलच्या ट्यूबमधून सुटावी तशी हवा सूं करून बाहेर आली. तिच्या मनगटाला ती लागली.

आकडा लगेच चढला नाही. मग अठ्ठ्याहत्तर झाला. मग पंच्याऐंशी.

"आता छातीत नळी टाकायची," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नानासाहेबांचं मनगट सोडलं, आणि तो हात ॲप्रनच्या खिशात घातला. "सिस्टर तयारी करतील. तोवर बाहेर कोण आहे त्यांना सांगून ये."

माहेनूर वळणार एवढ्यात नानासाहेबांनी डोळे उघडले. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारायला बघू लागले.

"ती पोरगी कुठाय?"

"तुमची मुलगी का, काका?"

"न्हाई ओ. मिनल. फोर्कलिफ्टवर तीच व्हती." ते थांबत थांबत बोलत होते. "तिला कुनी काय बोलू नका. मीच शिकवतोय तिला. आज पयल्यांदा लोड घेऊन... मीच म्हनलो, घे मागं, मी हाय."

फरीदा सिस्टरनी मास्क पुन्हा नीट लावला.

बाहेर कंपनीचा एक माणूस फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. नानासाहेबांची बायको खेडहून निघाली होती, अजून पोचायची होती. बाकावर कंपनीच्या निळ्या शर्टातली एक तरुण बाई बसली होती. पायात जाड सेफ्टी शूज, दोन्ही तळहात मांडीवर उताणे.

"मिनल तुम्हीच का?"

ती उठली नाही. "गेले का?"

"नाही. शुद्धीवर आलेत. तुमच्याबद्दलच विचारत होते. तुम्हाला कुणी काही बोलू नये म्हणाले."

मिनलचा चेहरा वाकडा झाला. "ओरडायला पाहिजे होतं त्यांनी. ते नुसतं हात दाखवत होते, ये, ये. मला आरशात दिसत होते, मग दिसायचे बंद झाले." ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आता मी नाही बसणार त्या गाडीवर."

माहेनूर तिच्या शेजारी बसली. हातमोजे अजून हातातच होते. तिने हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरले. मिनलला ते दिसलं.

आतून मॅडमची हाक आली. "माहेनूर, ये. नळी तू टाकणारेस."

ती उठली.

"तुम्ही टाकणार?" मिनलने विचारलं.

"हो."

"आधी कधी टाकलीय?"

माहेनूर दारापाशी थांबली.

"नाही," ती म्हणाली. "मॅडम शेजारी उभ्या असतात." आणि आत गेली.