तारेवरचा आकडा
अख्ख्या वस्तीनं सकाळीच तारेवरचे आपापले आकडे काढून छपरात खोचले होते, आणि ही एकटी बाई आपल्या आकड्याखाली मांडी घालून बसली होती! लाइनमन गजेंद्रला वाटलं, भिंतीवर डोकं आपटून घ्यावं. वीजचोरी पकडणारं पथक येतंय, हे त्यानंच तर कालपासून घरोघर सांगितलं होतं. कुणी सापडलं की बोलणी त्यालाच बसत.

जीप थांबली तसा तो साहेबांच्या पुढं धावला.

"अवं सुंदरामावशी, कावून डोक्शाले ताप देऊन राह्यली? सांग ना साहेबाले, आकडा माहा नाही म्हनून!"

"माहाच हाय. म्याच टाकला. लिवा साहेब."

साहेबांनी पंचनाम्याचा कागद काढला. "चोरीचा गुन्हा लागेल, बाई. मीटर का नाही घेतलं?"

"तीनदा गेली. वीजवाले म्हनते, घराचा कागद आन. पंचायतवाले म्हनते, इथं राह्यते याचा पुरावा दे, लाइटबिल आन. वीस वर्सं झाली साहेब! आता रस्ता मोठा होऊन राह्यला, पुढच्या महिन्यात घरं पाडनार. पुरावा असंन त्यालेच दुसरी जागा भेटते."

"मंग चोरीच्या कागदाचं काय लोनचं घालतं?" गजेंद्र कावला.

"त्याच्यावर माहं नाव राह्यते ना? कोनत्या घरात चोरी केली, थे बी लिवा लागते."

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. गजेंद्रनं आजवर लोकांना पाया पडताना पाहिलं होतं. घरात मीटर असून कडबाकुट्टी आकड्यावर चालवणाऱ्या खुशालरावांनी तर उलट त्यालाच दम भरला होता. पण गुन्हा मागून घेणारी ही पहिलीच.

"आन जेलात टाकलं म्हंजे?" त्यानं विचारलं.

"जाईन. जागा तं भेटंन."

साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. वीस वर्षांपासूनची रहिवासी, असं आलं तेव्हा सुंदराबाईनं तेवढं पुन्हा वाचायला लावलं. मग सही केली आणि एक प्रत मागितली.

जीप सुरू झाली, तोच शेजारची हर्षा बांबू ओढत बाहेर आली. तिनं भरदिवसा, सगळ्यांदेखत तारेवर आकडा टाकला. पलीकडून भागीरथा धावली. तिच्यामागं आणखी चौघी, प्रत्येकीच्या हातात बांबू.

गजेंद्रनं कपाळावर हात मारला.

"ओ साहेब, थांबा नं!" हर्षा ओरडली. "आमी बी चोर हावो. आमचं बी लिवा!"