पाण्याच्या पुढं
डॉक्टरीणबाईंनी हातावरचा फुगवलेला पट्टा सोडला आणि पाच मिनिटं अडलेलं रक्त उमाजींच्या बोटांपर्यंत ऊन ऊन धावलं. सोनोग्राफीच्या पडद्यावरच्या धमनीत त्यांना परभणीकडचा आपला पाट दिसला; पाटकरी म्हणून तीस वर्षं त्यांनीच त्यात पाणी सोडलं होतं. “काका, एवढा लोंढा आला, पण नळी रुंदावलीच नाही,” बाई म्हणाल्या. “रक्तात इन्सुलिन भरपूर आहे, पण ते ओळखणारे पेशींवरचे रिसेप्टर त्याला दादच देत नाहीत. हैदराबादेत लेकाकडे आल्यापासून चालणं सुटलं वाटतं?” उमाजी अजून पाटातच होते. पाणी सुटलं की चपला काठावर काढून ते त्याच्या पुढं चालायचे, काडीकचरा उचलत, पार शेवटच्या शेतापर्यंत. बाहेर लेक नव्या मारुतीचं दार उघडून उभा होता. “बसा, बाबा.” “नक्को, नल्लकुंट्याला घरी चालत येतो. पाणी सुटलंय, त्याच्या पुढं राहायला हवं,” म्हणत उमाजींनी चपला तेवढ्या गाडीत ठेवल्या.