फणसाचे झाकण

दौलत सुताराने शिसवीचे झाकण डबीच्या काठावरून ओढले आणि लगेच नाल्यापलीकडे पाहिले. तिकडे पन्नास पावलांवर त्याची बायको शेवंती उभी होती. तिने हात आडवा हलवला. नाही.

डबी शिवणीच्या लाकडाची होती, वीतभर लांब, आतून पोकळ. काठावर झाकण घासले की रानकोंबडीचा आवाज निघायचा, आणि त्याला भुलून शीळच्या डोंगरातला कोंबडा बंदुकीपुढे यायचा. डबी घ्यावी तर दौलतच्या हातची, असे कल्याणपर्यंतचे शिकारी म्हणत. पण गेल्या पावसाळ्यातल्या तापाने त्याचे कान नेले. त्यानंतर दिलेल्या दोन्ही डब्या परत आल्या. थोरला भाऊ मारुती ओटीवर चारचौघांत म्हणाला, "बहिऱ्याच्या हातचं लाकूड मुकंच राहायचं." दौलतला ते ऐकू आले नाही. लोकांच्या हसण्यावरून कळले.

म्हणून आज उजाडताच दोघे कोणाला न सांगता डोंगरात आले होते. ही डबी बोलली नाही तर दौलत पुन्हा डबी करणार नव्हता. लाकडाचा आवाज जवळून कळत नाही, कोंबड्यासारखा लांबून ऐकावा लागतो. शेवंतीचा कान जन्मभर कोंबड्या पाळून तयार झालेला होता.

त्याने सागाचे झाकण लावले. जंगल सरकारने ताब्यात घेतल्यापासून नवा साग मिळेना; हा जुन्या खिडकीचा तुकडा होता. शेवंतीने आपला गळा धरून दाखवला. घसा बसलेला.

राहिले फणसाचे. त्याने काठाला राळ चोळली, घोंगडी डोक्यावरून घेतली, करवंदीच्या जाळीत मागे सरकला आणि झाकण हलकेच ओढले.

शेवंतीचा हात उचललाच गेला नाही. ही कोंबडीच होती. अंड्यावर आलेली तलंग, जराशी हट्टी. वरच्या कड्यावरून कोंबड्याने उत्तर दिले. तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. दौलतला कळले. तो हसला आणि पुन्हा ओढू लागला.

कोंबडा मध्येच गप्प झाला.

तेव्हा तिला मारुती दिसला. दौलतच्या पाठीमागून, बांबूच्या बेटाआडून तो अनवाणी येत होता. एक पाऊल, मग थांबणे. डबी वाजली की पुढचे पाऊल. ठासणीची बंदूक खांद्याला होती आणि डोळे जाळीत हलणाऱ्या तपकिरी घोंगडीवर.

शेवंतीने जोरजोरात हात आडवा हलवला. नाही, नाही.

दौलतच्या कपाळाला आठी पडली. कुठे बिघडले, असे मनाशी म्हणत त्याने झाकण थोडे तिरपे धरले आणि आणखी सावकाश ओढले. आवाज आणखी गोड आला. मारुतीने पुढचे पाऊल टाकले.

तिने दोन्ही हात हलवले. दौलतने पुन्हा राळ चोळली.

लग्नाला अकरा वर्षे झाली होती. एवढ्या काळात शेवंती या थोरल्या दिरासमोर एक शब्द बोलली नव्हती. तो आला की पदर पुढे ओढून बाजूला व्हायचे, इतकेच तिला ठाऊक. मारुतीने बंदुकीचा घोडा चढवला. ती टकटक तिला नाल्यापलीकडे ऐकू आली. तिने तोंड उघडले. काय ओरडायचे ते तिने ठरवले नव्हते. लग्नात उखाण्यातून घेतल्यानंतर जे पुन्हा कधी ओठांवर आले नव्हते, तेच बाहेर पडले.

"दौलत!"

बंदुकीचे टोक हलले. मारुतीने जाळीकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग पुन्हा जाळीकडे. टोक हळूहळू जमिनीला टेकले.

दौलतने फक्त तिचे उघडे तोंड पाहिले. तो उठला, मागे वळला. बारा पावलांवर भाऊ उभा होता. त्याच्या पायांकडे, बंदुकीकडे पाहून दौलतचा चेहरा उजळला.

"दादा, तू? कोंबडी समजून आलास?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तो म्हणाला आणि पोट धरून हसला. शेवंती नाला ओलांडून धावत आली, तशी त्याने तिला विचारले, "काय गं, काय ओरडलीस तू?"

तिने पदर पुढे ओढला आणि मान हलवली.

मारुतीला घोडा उतरवायला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग तो तिथेच दगडावर बसला. दौलतने त्याच्या मांडीवरची बंदूक बाजूला ठेवली आणि त्याच्या हातात डबी दिली.

"घे. तूच वाजवून बघ."

मारुतीने डबी दोन्ही हातांत धरली. झाकण त्याने ओढले नाही. पण हात कापत होते, आणि त्या कापण्याने फणसाचे झाकण काठावर आपोआप घासू लागले. बारीक, थांबून थांबून. कड्यावरून कोंबड्याने लगेच साद दिली. शेवंतीने ती ऐकली. मारुतीनेही ऐकली.

दौलत समोर उभा होता, भाऊ कधी वाजवतो याची वाट पाहत.